वाई नीट बघायची तर : घाट, वाडे, घंटा आणि एक दिवसाचा पूर्ण प्लॅन

वाईला जाऊन आलो म्हणणाऱ्या दहापैकी आठ जणांनी वाई बघितलेलीच नसते. महाबळेश्वरला जाता जाता गाडी थांबवायची, ढोल्या गणपतीला हात जोडायचे, घाटावर एक सेल्फी, भेळ खायची आणि पसरणी घाट चढायला लागायचं, वीस मिनिटांत खेळ खल्लास. मी पण कॉलेजात असताना असाच तीन-चारदा गेलो आणि प्रत्येक वेळी वाटायचं की एवढं काय ते दक्षिण काशी दक्षिण काशी करतात लोक. मग एकदा गाडी बिघडली म्हणून पूर्ण दिवस वाईत अडकलो, करायला दुसरं काही नव्हतं म्हणून नदीच्या कडेकडेनं चालत सुटलो, आणि तेव्हा कुठं गाव कळायला लागलं. तर हा सगळा लेख त्या एका गोष्टीसाठी आहे, वाई गाडीतून बघायची नसते, नदी धरून पायी बघायची असते. कारण इथं जे काही बांधलंय ते कृष्णेकडे तोंड करून किंवा कृष्णेला घाबरून बांधलंय.

कधी जायचं

आधी हे ठरवा, कारण यात चुकलात तर बाकी सगळं चुकलं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी बेस्ट. पाऊस संपलेला असतो, नदीला पाणी असतं, डोंगर हिरवे असतात. एप्रिल-मेमध्ये दगडी घाट दुपारी असा तापतो की देवळात जाताना चपला काढल्यावर अक्षरशः नाचत जावं लागतं.

जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याकडच्या लोकांना वाईचा फार मोह होतो, धुकं, धबधबे वगैरे, ते डोंगरावर ठीक आहे पण घाटांसाठी तो सीझन नाही. वर धोम धरण आहे, त्यातून पाणी सोडलं की घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात आणि जोराचा पूर असला तर पाणी थेट गणपतीच्या देवळात शिरतं. मी एकदा जुलैत हट्टानं मेणवलीला गेलो होतो, पायऱ्यांवर शेवाळ, दुसऱ्याच पायरीवर सरकलो आणि जीन्सच्या पाठीमागं हिरवा डाग घेऊन दिवसभर फिरलो. हसले लोक. पण तिथं नदी खोल आहे, सरकून पुढं गेलो असतो तर हसण्यासारखं काही नव्हतं.

अजून दोन मुहूर्त सांगतो. एक म्हणजे कृष्णाबाईचा उत्सव, माघापासून पुढे पाळीपाळीनं वेगवेगळ्या घाटांवर होतो. नदीलाच देवी मानून तिची मूर्ती घाटावर आणून बसवतात, मांडव पडतो, कीर्तनं, गाणं, जेवणावळी. असं सांगतात की अफजलखान वाईत असताना हे संकट टळू दे म्हणून कृष्णामाईला नवस बोलला गेला आणि तेव्हापासून उत्सव सुरू झाला. खान वाईत होता हा तर इतिहासच आहे, तो इथला सुभेदार राहिलेला होता आणि १६५९ मध्ये प्रतापगडाच्या भेटीआधी त्याचा तळ वाईलाच होता.

दुसरा मुहूर्त रंगपंचमी. वाईजवळच्या बावधनला त्या दिवशी भैरवनाथाचं बगाड असतं. दगडी चाकांचा लाकडी गाडा, त्यावर उभं उंच शीड, शिडाच्या टोकाला बांधलेला माणूस, म्हणजे बगाड्या, आणि बैलांच्या जोड्याच्या जोड्या लावून हे सगळं नदीकाठच्या सोनेश्वरापासून गावापर्यंत शेतांतून ओढत नेतात. गर्दी प्रचंड. त्या दिवशी बावधन आणि वाई दोन्ही करायचा विचारसुद्धा करू नका, एकच निवडा.

पोचायचं कसं

पुण्याहून साधारण ९० किलोमीटर. हायवेनं खंबाटकी घाट उतरलात की पुढे सुरूर फाटा, तिथून उजवीकडे वळायचं. साताऱ्याकडून येत असाल तर पाचवड फाट्याला वळायचं, सातारा ते वाई ३५ किलोमीटरच्या आसपास. एसटी स्वारगेटवरून मिळते, महाबळेश्वरच्या गाड्याही वाईवरूनच जातात. ट्रेनच्या फंदात पडू नका, वाईला स्टेशन नाही.

सकाळी आठच्या आत पोचा. आठ म्हणजे आठ, दहा नाही. दहानंतर महाबळेश्वरवाल्या गाड्यांचा लोंढा गणपती घाटावर येतो आणि मग पार्किंगवरून भांडणं बघण्यात वेळ जातो. स्वतःची गाडी असेल तर ती जरा लांब, बाजारपेठेच्या अलीकडेच लावा आणि चालत या. नदीपात्राच्या कडेला गाड्या लावलेल्या दिसतील, त्यांचं बघून तुम्ही लावू नका, निदान पावसाळ्यात तरी.

सुरुवात गणपती आळीपासून, पण मागच्या बाजूनं

वाईला नदीकाठी सात घाट आहेत आणि ते आळ्यांच्या नावानं ओळखले जातात : गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि भीमकुंड आळी. सगळ्यात गाजलेला अर्थातच गणपती घाट. तिथं महागणपती, म्हणजेच ढोल्या गणपती. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये हे देऊळ बांधलं. मूर्ती एकाच दगडाची, दहा फुटांच्या आसपास उंच, आणि रुंदीनं इतकी ऐसपैस की ढोल्या हे नाव का पडलं ते विचारावं लागत नाही.

आता माझा सल्ला. दर्शन घ्यायच्या आधी देवळाला वळसा घालून मागं जा. सगळे लोक समोरून येतात, समोरून जातात, मागची भिंत कोणी बघतच नाही. ती भिंत सरळ नाही, माशाच्या आकाराची आहे, मधोमध निमुळती होत पुढं आलेली, नावेचं टोक असतं ना तशी. पुराचं पाणी त्याच बाजूनं येतं, भिंतीवर आदळून दोन बाजूंना फाटतं आणि देवळाच्या कडेनं निघून जातं. एवढी अडीचशेहून जास्त वर्षं कृष्णेचे पूर अंगावर घेऊन देऊळ उभं आहे त्याचं गुपित या भिंतीत आहे. हात लावून बघा, दगड कसे जुळवलेत ते. मी तिथं उभा असताना एक आजोबा नातवाला सांगत होते, "देव पुढं बसलाय आन् मासा मागं राखण करतोय." यापेक्षा चांगलं मला पण सांगता येणार नाही.

मग पुढं येऊन दर्शन घ्या. गाभारा मोकळा आहे, मूर्ती लांबून सुद्धा दिसते, त्यामुळे रांगेत ढकलाढकली करायची गरज नसते. चतुर्थीला मात्र गर्दी असतेच.

शेजारीच काशी विश्वेश्वर. हे गणपतीच्या पाच वर्षं आधीचं, १७५७ चं, आनंदराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं. इथं लोक पाच मिनिटं पण थांबत नाहीत आणि मला स्वतःला हे देऊळ गणपतीपेक्षा जास्त आवडतं. भोवती तटबंदी, आत दीपमाळा, आणि काळ्या दगडाचा नंदी. या नंदीजवळ जरा खाली बसून बघा, गळ्यातल्या माळा, घंटा, पाठीवरची झूल, सगळं दगडात कोरलेलं आणि असं गुळगुळीत घासलेलं की उजेड पडला की चमकतो. सकाळचं कोवळं ऊन असेल तर फोटोसाठी हीच जागा.

रास्ते कोण आणि त्यांनी एवढं का बांधलं

हे माहीत असलं की पुढचं फिरणं सोपं होतं. रास्त्यांचं मूळ आडनाव गोखले. भिकाजी नाईक रास्त्यांची मुलगी गोपिकाबाई, ती नानासाहेब पेशव्यांना दिली. म्हणजे विश्वासराव, माधवराव आणि नारायणराव या तिघांचं आजोळ रास्त्यांचं घर. पेशव्यांची सोयरीक झाल्यावर घराण्याकडे सरदारकी आणि पैसा आला, आणि त्यातला बराचसा वाईच्या नदीकाठी दगडात ओतला गेला. वाईत तुम्ही जुनं देऊळ दाखवून हे कोणी बांधलं विचारलंत तर निम्म्या वेळा उत्तर रास्ते येतं. गणपती आळीच्या आसपासचं लक्ष्मीचं आणि विष्णूचं देऊळ याच माळेतलं.

वाईचं जुनं नाव विराटनगरी आणि भीमानं कीचकाला मारलं ते इथंच, असंही गावात सांगतात. अशा विराटनगरी देशात अजून पाच-सहा असतील, त्यामुळे वाद घालत बसू नका, ऐकून घ्या आणि चहा प्या.

घाट ते घाट चालायचं

आता खरी मजा. गणपती घाटावरून नदीच्या कडेनं चालत गंगापुरीकडे निघा. अंतर फार नाही, पण थांबत थांबत गेलात तर तासभर सहज जातो. मधली आळी लागते, छोटी छोटी देवळं लागतात, पायऱ्यांवर कपडे धुणाऱ्या बायका, पोहणारी पोरं, कुठं दशक्रिया विधी चाललेला. तो चालला असेल तर कॅमेरा खिशात ठेवा, हे सांगायला लागू नये पण लागतं.

एक गोष्ट खरी सांगायची तर, नदी स्वच्छ नाही. जलपर्णी, निर्माल्य, प्लॅस्टिक, सगळं दिसेल. इन्स्टावरचे फोटो बघून जाल तर खट्टू व्हाल. पाण्यात पाय सोडून बसायचं असेल तर ती हौस मेणवलीला किंवा धोमला भागवा, गावात नको.

चालताना घाटांच्या कडेला दगडी ओवऱ्या आणि वृंदावनं नीट बघा. एकेका पायरीच्या दगडाला मधोमध खळगा पडलाय, पिढ्यान् पिढ्या पाय पडून झिजलेला. नवीन दुरुस्ती केलेले दगड लगेच वेगळे ओळखू येतात, त्यांना अजून कुणाच्या पायांची सवय झालेली नाही.

गंगापुरीत पोचलात की दोन जागा आहेत ज्या कुठल्याच टुरिस्ट बोर्डवर ठळक नसतात. एक प्राज्ञपाठशाळा. १९१६ मध्ये नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी स्थापन केली. गांधीजींच्या आश्रमातून रजा काढून विनोबा इथं शिकायला येऊन राहिले होते. इथलेच तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, आणि त्यांच्यामुळे दुसरी जागा, मराठी विश्वकोशाचं कार्यालय. आपल्या भाषेतला सगळ्यात मोठा कोश मुंबईत नाही, पुण्यात नाही, वाईसारख्या गावात बसून तयार झाला, तर्कतीर्थ त्याचे पहिले प्रमुख संपादक. पहिला खंड १९७६ चा आणि एकूण २० खंड. आता तो ऑनलाइन फुकट वाचता येतो पण मला ती इमारत बघताना उगाच भारी वाटतं. ही ऑफिसं आहेत, म्युझियम नाही, त्यामुळे कामाच्या दिवशी जाऊन आधी नीट विचारा, घुसू नका.

मे महिन्यात वाईत असाल तर वसंत व्याख्यानमाला चालू आहे का बघा. संध्याकाळी गावातली माणसं खुर्च्या भरून व्याख्यान ऐकायला येतात, हे दृश्य आता फार गावांत राहिलेलं नाही.

मेणवली : घंटेसाठी जा, वाड्यासाठी थांबा

वाईपासून मेणवली तीन किलोमीटर. रिक्षा मिळते, पण दोनतीन जण असाल आणि ऊन नसेल तर चालतही जाता येतं. अकराच्या सुमारास निघा.

इथं नाना फडणवीसांचा वाडा आहे. नानांचं मूळ नाव बाळाजी जनार्दन भानू. पानिपतातून जिवंत परतलेल्यांपैकी एक, आणि नंतर जवळजवळ शेवटपर्यंत मराठेशाहीचा हिशेब आणि राजकारण सांभाळणारा माणूस. मेणवली गाव त्यांना १७६८ मध्ये इनाम मिळालं आणि मग वाडा, घाट, देऊळ असं सगळं उभं राहिलं. वाडा सहा चौकांचा आहे. जाड भिंती, लाकडी खांब, अरुंद जिने, आणि काही खोल्यांमधून भिंतीवरची चित्रं. रंग उडालेत पण ओळखू येतात. चित्रांना हात लावू नका आणि फ्लॅश मारू नका. याच वाड्यात नानांच्या कागदपत्रांचं मोडीतलं दप्तर होतं, इतिहासवाले त्याला मेणवली दप्तर म्हणतात.

वाडा खाजगी आहे, नानांच्या वंशजांचा. त्यामुळे दार बंद असलं तर आदळआपट करायची नाही, शेजारी विचारायचं. मी एकदा गेलो तेव्हा एका स्वयंघोषित गाइडनं आम्हाला गाठलं, पैसे आधी घेतले आणि पहिल्याच चौकात सांगून टाकलं की इथून भुयार थेट पुण्याला जातं. मेणवलीहून पुण्याला, मधे खंबाटकीचा डोंगर! पैसे गेले ते गेले. तेव्हा कोणाला बरोबर घ्यायचं तर भाव आधी ठरवा, पैसे शेवटी द्या, आणि भुयाराची गोष्ट सुरू झाली की ओळखून घ्या.

वाड्याच्या मागून खाली उतरलात की घाट. अर्धचंद्रासारखा वळलेला, वर झाडांची सावली, आणि गणपती घाटाच्या मानानं शांत. इथं हिंदी सिनेमांची इतकी शूटिंगं झालीत की पहिल्यांदा येणाऱ्याला सुद्धा आपण इथं आधी येऊन गेलोय असं वाटतं. घाटावर मेणेश्वराचं देऊळ आणि त्याच्याजवळ एका छोट्या दगडी मंडपात टांगलेली ती प्रसिद्ध घंटा.

घंटेपाशी घाई करू नका. ही पोर्तुगीज चर्चची घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, आणि त्या वेगवेगळ्या देवळांत गेल्या. पंचधातूची, सहाशे किलोच्या पुढं वजन. जवळ जाऊन बघा, अंगावर मेरीची आणि बाळ येशूची आकृती उठवलेली आहे आणि १७०७ हे साल. म्हणजे शंकराच्या देवळापुढं मेरीमाता गेली अडीचशे वर्षं लटकतीय आणि गावातल्या कोणालाच त्यात काही विचित्र वाटत नाही. अशीच एक घंटा भीमाशंकरला आहे आणि एक नाशिकला नारोशंकराच्या देवळावर, ती नारोशंकराची घंटा म्हणून म्हणीतच जाऊन बसली. घंटेवर दगड मारून आवाज ऐकणारे महाभाग भेटतील. तुम्ही त्यातले होऊ नका.

जेवण परत वाईत येऊन करा. साधी थाळी, पिठलं-भाकरी, नॉनव्हेज सगळं मिळतं, एसटी स्टँडच्या आसपास जिथं गावातली माणसं जेवतायत तिथं बसा, एवढाच नियम.

दुपारनंतर काय : तीनपैकी एकच निवडा

सगळं करायला जाल तर काहीच धड होणार नाही.

पहिला पर्याय धोम, वाईहून आठेक किलोमीटर. धरणाच्या पायथ्याशी गाव, नरसिंहाचं आणि महादेवाचं देऊळ. महादेवापुढं दगडात कोरलेलं कमळाच्या आकाराचं कुंड आहे, त्यात कासव आणि कासवाच्या पाठीवर नंदी. कुंडात पाणी भरलं की कासव पाण्यावर तरंगतंय असं वाटतं. कोरडं असलं तर मजा निम्मी, म्हणून पावसाळा संपता संपता गेलेलं बरं. बरोबर लहान मुलं किंवा आईवडील असतील तर हाच पर्याय घ्या, चढ नाही, सावली आहे.

दुसरा लोहारे गावाजवळची पालपेश्वर लेणी. बौद्ध लेणी, पण आतला स्तूप कधीतरी शिवलिंग होऊन गेला आणि आज महादेव म्हणून पुजला जातो. गर्दी शून्य. थोडं चालावं लागतं, बॅटरी बरोबर ठेवा, पाणी पण. तीन वाजून गेले असतील तर हे सोडून द्या.

तिसरा पर्याय परत जाताना साताऱ्याकडे वाट वाकडी करायची असेल तर, लिंब गावची बारा मोटेची विहीर. ही वाईत नाही पण मी ती नेहमी याच ट्रिपमध्ये जोडतो. १७१९ ते १७२४ या काळात विरुबाई भोसल्यांनी बांधून घेतली. वरून बघितलं तर शेतातलं एक मोठं भोक, आणि पायऱ्या उतरून आत गेलात की चक्क महाल. विहिरीच्या आत खोल्या, खांब, कमानी, भिंतीवर कोरलेले हत्ती आणि शरभ, म्हणजे सिंहासारखा एक काल्पनिक प्राणी. खोली ११० फूट, व्यास ५० फूट. नाव बारा मोटांचं असलं तरी वर जाऊन मोटेच्या जागा मोजा, पंधरा भरतात. आमच्या ग्रुपमध्ये यावरून पैज लागली होती आणि मी जेवणाचं बिल भरलं. कठड्यांना सगळीकडे धड आडोसा नाही, लहान पोरांचा हात सोडायचा नाही.

किल्लेवाल्यांसाठी पांडवगड, वैराटगड, कमळगड सगळे जवळच आहेत पण त्यांना वेगळा दिवस द्या, दुपारी तीनला पांडवगड चढायला काढू नका.

परतीचं आणि पिशवीत काय न्यायचं

वाईच्या बाजारात हळद चांगली मिळते, इथला हळदीचा बाजार जुना आहे. पावडरपेक्षा हळकुंडं घ्या आणि घरी दळून आणा, फरक वासातच कळतो.

वेळ उरला तर पाचगणीकडे पसरणी घाट थोडासा चढून मागं वळून बघा, सगळं खोरं, धरण आणि मधून गेलेली नदी एका नजरेत दिसते. खालचं पसरणी गाव शाहीर साबळ्यांचं, राज्यगीत आपण ज्यांच्या आवाजात ऐकत मोठे झालो ते.

आणि संध्याकाळी पुन्हा गणपती घाटावर या. सकाळी बघितलेलं परत कशाला, असं वाटेल. पण सहानंतर टुरिस्ट गाड्या गेलेल्या असतात, गावातली म्हातारी मंडळी पायऱ्यांवर आपापल्या ठरलेल्या जागी येऊन बसतात, आणि आरती सुरू झाली की आवाज पाण्यावरून पलीकडच्या काठापर्यंत जातो. तुम्ही चुकून कोणाच्या जागेवर बसलात तर ते काही बोलत नाहीत, फक्त शेजारी उभे राहतात. उठायचं.

रविवार असेल तर पुण्याच्या दिशेनं साडेआठच्या आधी निघण्यात काही अर्थ नाही, खंबाटकीच्या बोगद्याच्या अलीकडे गाड्यांची रांग लागलेली असते. त्यापेक्षा चहा सांगा अजून एक.